नाखूश वीराचा जन्मदाता : जे. आर. आर. टॉल्किन

आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांच्या आग्रहाखातर ‘द हॉबिट’ हा चित्रपट पाहिला असेल. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तो २०१२ ते २०१४ या काळात तीन भागांत पडद्यावर आणला. बिल्बो बॅगिन्स हा पन्नाशीचा, ठेंगणा, खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. एके दिवशी त्याच्या दारात एक जादूगार आणि तेरा बुटके येऊन ठेपतात. ड्रॅगनने बळकावलेला खजिना सोडवायला आमच्याबरोबर चल, म्हणतात. बिल्बोला घर सोडायचेच नसते. निघाल्यावरही त्याला आठवतो तो घरी राहिलेला रुमाल! या नाखूश वीराला जन्म देणारे लेखक टॉल्किन यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर हे बँकेत व्यवस्थापक. बढतीसाठी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम सोडून ते इतक्या दूर गेले होते. बदलीच्या गावी संसार मांडणे म्हणजे काय, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. १८९५ मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून यायचे होते, पण १८९६ मध्ये तिकडेच आजारपणात ते वारले.

आईने बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात बिऱ्हाड केले. तिथली पाणचक्की, शेते आणि झाडे टॉल्किन यांच्या मनात कायमची राहिली. हॉबिटांचे गाव त्या आठवणींतूनच उभे राहिले. मुलांना लॅटिनचे पहिले धडे आईनेच दिले. तिने कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी पैशाची मदत बंद केली. १९०४ मध्ये मधुमेहाने तिचा मृत्यू झाला. इन्सुलिनचा शोध तेव्हा लागायचा होता. बारा वर्षांचे टॉल्किन आणि धाकटा भाऊ पोरके झाले. फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी त्यांचे पालकत्व निभावले.

सोळाव्या वर्षी टॉल्किन यांची एडिथ ब्रॅट या मुलीशी ओळख झाली. तीही पोरकीच होती. एकविसाव्या वर्षापर्यंत तिच्याशी संबंध ठेवायचा नाही, असे पालकांनी बजावले आणि टॉल्किन यांनी ते पाळले. एकविसावा वाढदिवस उजाडताच त्यांनी तिला पत्र लिहिले. मार्च १९१६ मध्ये त्यांचे लग्न झाले.

तोवर पहिले महायुद्ध पेटले होते. १९१४ मध्ये तरुण मुले धडाधड सैन्यात भरती होत होती आणि मागे राहणाऱ्यांकडे लोक तुच्छतेने पाहत. टॉल्किन यांनी मात्र आधी ऑक्सफर्डची पदवी पुरी केली, तीही पहिल्या वर्गात, आणि मगच गणवेश चढवला. लग्नाला तीन महिने होताच ते फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी म्हणून दाखल झाले. या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, सुमारे १९ हजार ब्रिटिश सैनिक मारले गेले. त्यांत टॉल्किन यांचा शाळासोबती रॉब गिल्सन होता. डिसेंबरमध्ये दुसरा मित्र जी. बी. स्मिथही गेला. चार जिवलगांपैकी दोघे उरले. टॉल्किन यांना उवांमुळे पसरणारा ट्रेंच फीवर झाला व ते मायदेशी परतले. त्या आजारपणातच त्यांनी आपल्या काल्पनिक जगाच्या कथा लिहायला घेतल्या.

पुढे १९२५ मध्ये ते ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक झाले. चार मुलांच्या संसाराला हातभार म्हणून सुट्टीत शालेय परीक्षेचे पेपर तपासत. एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेल्या पानावर त्यांनी सहज हॉबिटविषयी एक वाक्य लिहिले आणि गोष्ट सुरू झाली. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. एक शिलिंग घेऊन त्याने अनुकूल अभिप्राय दिला! पुस्तक सप्टेंबर १९३७ मध्ये आले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा मोठा ग्रंथ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाला, तेव्हा त्याच्यासाठी आग्रह धरणारा तोच रेनर होता.

आम्हाला या गोष्टीत एक बाब फार मोलाची वाटते. मोहिमेवर निघताना बिल्बोला चक्क कराराची कलमे दिली जातात. नफ्याचा चौदावा हिस्सा, प्रवासखर्च आणि वेळ आलीच तर अंत्यविधीचा खर्च! पण ड्रॅगनला तो मारत नाही. ते काम दुसराच करतो. खजिन्यावरून माणसे, एल्फ आणि बुटके एकमेकांवर उठतात, तेव्हा युद्ध टळावे म्हणून बिल्बो आपल्या वाट्याचे सर्वांत मौल्यवान रत्न गुपचूप विरुद्ध बाजूच्या हाती देतो. सोमचा चिखल पाहिलेल्या माणसाने आपल्या नायकाला शौर्य दिले ते असे. पुढच्या ग्रंथातील सॅम हा इमानी सोबती तर त्यांनी युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरूनच घडवला होता.

एडिथ १९७१ मध्ये गेल्या. टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी निवर्तले. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघे एकत्र विसावले आहेत. जॅक्सन यांच्या चित्रपटाला २००४ मध्ये अकरा ऑस्कर मिळाले, ते पाहायला टॉल्किन नव्हते. मुलांबरोबर पुन्हा ‘द हॉबिट’ पाहाल, तेव्हा तिसऱ्या भागातील तो रत्नाचा प्रसंग त्यांना जरूर समजावून सांगा.