सरफोजी राजे आणि बालबोधमुक्तावली

मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तर तटाला लागून पूर्वी ब्लॅक टाउन ही देशी लोकांची वस्ती होती. तिच्या वारसपेठेला आज जॉर्ज टाउन म्हणतात. या वस्तीत १७२६ साली बेंजामिन शुल्झ या जर्मन मिशनऱ्याने मुलांसाठी शाळा उघडली. पुढे इंग्रज-फ्रेंचांच्या लढायांत जुनी वस्ती उठली आणि मिशनचे कार्य शहरातील वेपेरी भागात गेले. याच मिशनचे सेवक रेव्ह. गेरिके यांच्या देखरेखीखाली १७९३ साली एक पंधरा वर्षांचा मराठी राजपुत्र शिक्षणासाठी आला. तेच तंजावरचे सरफोजी राजे.

या मुलाचे बालपण कोणी हेवा करावा असे नव्हते. त्यांचा जन्म १७७७ चा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापिलेल्या गादीवरील तुळजाजी राजांना वारस उरला नव्हता. १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळातील हा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचा सांभाळ करण्याची विनंती मिशनरी ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांना केली. श्वार्ट्झ १७५० साली हिंदुस्थानात आले होते. तमिळ, फारसी व मराठी या भाषा त्यांना येत असत. एका परक्या पाळकाने एकट्याने राजपुत्राचे पालकत्व पत्करणे त्यांना उचित वाटले नाही, आणि त्यांनी राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांचे नाव सुचविले.

सुचविलेली व्यक्ती विश्वासास उतरली नाही. दत्तकविधान अशास्त्रीय असल्याचा निर्णय पंडितांनी दिला, कंपनी सरकारने तो मान्य केला आणि अमरसिंग स्वतःच राजा झाले. बालक अंधाऱ्या खोलीत बंदिस्त आहे, त्याला अक्षरओळखही होऊ दिली जात नाही, अशी तक्रार श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे नेली. अखेर तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मुलाला मद्रासला हलविण्यात आले. श्वार्ट्झ यांनी पंडितांच्या निर्णयाचाही पाठपुरावा केला. दत्तकविधान वैध ठरून १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. ते पाहायला मात्र श्वार्ट्झ हयात नव्हते. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीस ते प्रभूघरी गेले होते.

राज्य मिळाले, पण ते हातात राहिले नाही. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या वाट्याला तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच आले. दुसरा एखादा राजा अशा स्थितीत शिकारीत व नाचरंगात बुडाला असता. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, वैद्यकासाठी धन्वंतरी महाल चालविला, अन्नछत्रांच्या जोडीला शाळा काढल्या. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाचीही त्यांनी सोय केली. या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एका छोट्या पुस्तकाविषयी मात्र आपल्या वाचकांना फारशी माहिती नसावी.

सेरामपूरला १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८०६ साली, सरफोजींनी नवविद्याकलानिधी नावाच्या आपल्या छापखान्यात बालबोधमुक्तावली छापवून घेतली. दरबारच्या पंडिताकडून करविलेले इसापच्या कथांचे ते मराठी भाषांतर होते. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली निघाली. म्हणजे मराठी मुलांसाठी छापील गोष्टी प्रथम पुण्या-मुंबईत निघाल्या नाहीत, तर कावेरीच्या काठी निघाल्या, आणि त्या काढणाऱ्या राजाला लहानपणी अक्षरओळखच नाकारली गेली होती.

त्यांनी नेमक्या इसापच्याच कथा का निवडल्या असाव्यात? माझा तर्क असा. इसापच्या कथेत कोण कसा आहे हे सहसा आधी सांगितलेले नसते. कोल्हा कावळ्याच्या आवाजाची स्तुती करतो, कावळा चोच उघडतो, तुकडा खाली पडतो. कोल्हा लबाड आणि कावळा स्तुतीला भाळणारा, हे ऐकणाऱ्या मुलाने कृतीवरून ओळखायचे. लहानग्यांना शिकविताना प्रश्न याच क्रमाने विचारावेत : गोष्टीत कोण कोण आहे, कोणी काय केले, त्यावरून तो कसा वाटतो, शेवटी तो तसाच राहिला का? चौथा प्रश्न आपण बहुधा विसरतो. गोड बोलणारा चुलता, दूरचा पंडित, परका पाळक यांपैकी खरा आधार कोण, हे ज्या मुलाला स्वतःच्या आयुष्यात ओळखावे लागले, त्याला अशा गोष्टींचे मोल कळले असल्यास नवल नाही.

भाषांतरकार म्हणून एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. ज्या शोमरोनी मनुष्याला आपण सर्व जण चांगला शोमरोनी म्हणतो, त्याला लूककृत शुभवर्तमानातील मूळ वचनांत हे विशेषण नाही. ते पुढे मथळ्यांतून व बोलण्यातून आले. वचनांत फक्त त्याची कृत्ये आहेत : तो जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन रुपये काढून दिले. जक्कयाचेही तसेच. तो ठेंगणा, श्रीमंत, मुख्य जकातदार होता एवढे वर्णन येते. तो लोभी होता असा शब्द कोठेही नाही. शब्बाथशाळेत विशेषण आपण आधीच सांगून टाकतो, आणि मुलांना शोधायला काही उरत नाही.

सरफोजींचे चरित्र सांगतानाही हा मोह होतो. ते मनाने ख्रिस्ती झाले होते असे सूचित करणारे लेखन मी वाचले आहे. त्याला आधार नाही. ते अखेरपर्यंत हिंदू राहिले, काशीयात्रेला गेले, शिवालयांची सेवा केली. तसेच श्वार्ट्झ यांनी आपल्या शिष्याच्या असहायतेचा फायदा धर्मांतरासाठी घेतला, हेही खरे नाही. दोघांची कृत्ये आहेत तशी मुलांपुढे ठेवली तर शिष्यही लहान होत नाही आणि गुरूही.

गुरूच्या मृत्यूनंतर सरफोजींनी लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये ते आहे. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले राजे, उशाशी गेरिके, दरबारचे लोक आणि शय्येजवळ उभी मुले. श्वार्ट्झ यांच्या थडग्यावरील शिळेच्या इंग्रजी काव्यपंक्ती स्वतः राजांनी रचल्या. सरफोजी १८३२ साली निवर्तले. मुलांना घेऊन त्या शिल्पापुढे उभे राहावे, नावे सांगू नयेत, आणि यांत राजा कोणता व तो काय करीत आहे, एवढेच विचारावे.