पदवीमागील प्रपंच : कै. रमाबाई आंबेडकर

विद्यार्जन आणि संसार यांचा मेळ घालणे हे एकट्याचे काम नव्हे. एकाच्या हाती ग्रंथ असतो तेव्हा दुसऱ्याने घराचा भार उचललेला असतो. कै. रमाबाई आंबेडकर यांचे चरित्र हेच सांगते.

दापोलीनजीकचे वणंद हे त्यांचे जन्मगाव. आईबापांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे त्या मुंबईस नातलगांकडे वाढल्या. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, शाळेत शिकणाऱ्या भीमरावांशी त्यांचा विवाह झाला. पतीचे मॅट्रिक व बी. ए. हे दोन्ही टप्पे विवाहानंतरचे होत.

१२ डिसेंबर १९१२ रोजी पुत्र यशवंत जन्मला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सासरे सुभेदार रामजी निवर्तले. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची. तीतून पोटास चिमटा घेऊन ते घरी पैसे धाडीत. इकडे परळच्या चाळीत तान्हे मूल घेऊन रमाबाईंनी प्रपंच रेटला.

१९१७ साली पती परतले. पुढील वर्षी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन ४५० रुपये. आता तरी सुखाचे दिवस यावेत, पण अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास खुणावत होता. बिऱ्हाड चाळीतच राहिले, घरखर्च बेताचा राहिला आणि शिल्लक विलायतेसाठी साठली. १९२० ते १९२३ पुन्हा वियोग घडला. दोन्ही वेळचा मिळून तो जवळजवळ सात वर्षांचा. पती बॅरिस्टर व डी. एस्सी. झाले. रमाबाईंनी मात्र पाचांपैकी चार अपत्ये गमावली होती, आणि २७ मे १९३५ रोजी त्याही गेल्या. १९४० साली पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण करताना बाबासाहेबांनी विपत्काळातील त्यांच्या सोबतीचे ऋण मान्य केले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आज आपल्या घरांतील सुनाही विद्यापीठात जातात. रमाबाईंना वंदन करणे सोपे आहे. पण सून परीक्षेस बसली असता चूल व मूल सांभाळण्यास पतीने आणि सासूसासऱ्यांनी पुढे होणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय. त्यांनी एकटीने वाहिलेला भार आता दोघांत वाटला जावा.