वर्डस्वर्थ आणि ते काटेरी झाड

विल्यम वर्डस्वर्थ म्हटला की डोळ्यांपुढे पिवळी फुलं, तळी आणि डोंगर उभे राहतात. निसर्गकवी ही चिठ्ठी त्याला एकदा डकवली की परीक्षेपुरतं काम भागतं. परंतु याच कवीने वयाची २८ वर्षं पुरी होत असताना एका तान्ह्या मुलाच्या संशयित खुनावर 'द थॉर्न' नावाचं एक काळंकुट्ट कथागीत लिहिलं आणि त्यापायी पुढे कितीतरी वर्षं थट्टा सोसली. मला हा वर्डस्वर्थ जास्त जवळचा वाटतो.

त्याचा जन्म ७ एप्रिल १७७० रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील कॉकरमथ गावी झाला. आठवं वर्ष पुरं होण्याआधीच आई गेली, तेराव्या वर्षी वडील गेले. वडील एका बड्या जमीनदाराचे कायद्याचे कारभारी. त्या जमीनदाराकडे त्यांचे हजारो पौंड येणे होते, पण तो १८०२ साली मरेपर्यंत त्याने ते दिले नाहीत. पाच भावंडं नातेवाइकांच्या आश्रयाला गेली. एकुलती बहीण डोरोथी तर भावांपासून दूर वाढली. केंब्रिजला नातेवाइकांच्या पैशांवर शिकून १७९१ साली तो पदवीधर झाला, तोही काही विशेष न चमकता.

त्याच वर्षी तो फ्रान्सला गेला. तिथे क्रांती चालू होती. अ‍ॅनेट व्हॅलाँ नावाच्या तरुणीवर त्याचं प्रेम जडलं आणि डिसेंबर १७९२ मध्ये त्यांना कॅरोलीन ही मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं. पैसे संपल्यामुळे तो इंग्लंडला परतला आणि १७९३ च्या फेब्रुवारीत दोन्ही देशांत युद्ध पेटलं. अ‍ॅनेट आणि तान्ही मुलगी तिकडेच राहिली.

१७९५ मध्ये रेझ्ली कॅल्व्हर्ट या मित्राच्या मृत्युपत्रातून त्याला ९०० पौंड मिळाले आणि बहीणभावाने एकत्र बिऱ्हाड केलं. त्यांच्याजवळ एक लहान मुलगाही होता, बेसिल. त्याचे वडील बेसिल माँटेग्यू हे वर्डस्वर्थचे मित्र, आणि या माँटेग्यूंची आई म्हणजे मार्था रे. १७७९ साली लंडनमध्ये नाटक पाहून बाहेर पडताना एका माथेफिरू प्रेमिकाने तिला गोळी घालून ठार केलं होतं. (तारीख ७ एप्रिल. त्या दिवशी वर्डस्वर्थ नऊ वर्षांचा झाला.)

१९ मार्च १७९८ रोजी वर्डस्वर्थ, डोरोथी आणि छोटा बेसिल क्वांटॉक टेकड्यांवर फिरायला गेले असता गारपीट झाली. रोज ज्याच्याजवळून जावं त्या एका खुरट्या काटेरी झाडाकडे त्या वादळात कवीचं प्रथमच लक्ष गेलं. त्यातून हे गीत जन्मलं. डोंगरावर शेवाळाने लगडलेलं म्हातारं झाड आहे, जवळ इवलंसं डबकं आहे आणि बाळाच्या थडग्याएवढा एक सुंदर रंगीत उंचवटा आहे. तिथे लाल झगा पांघरून एक बाई रात्रंदिवस येऊन रडते. वीस वर्षांपूर्वी स्टीफन हिल नावाच्या माणसाने तिला लग्नाचं वचन दिलं आणि ठरल्या दिवशी तो दुसरीबरोबर चर्चमध्ये गेला. ती गरोदर होती. मूल जन्मलं की नाही, कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं तिने ते झाडाला टांगलं, कुणी म्हणतं डबक्यात बुडवलं. लोक कुदळी घेऊन उकरायला गेले, तर म्हणे उंचवटाच हलू लागला आणि भोवतालचं गवत थरथरलं.

आणि त्या बाईचं नाव कवीने ठेवलं मार्था रे! ज्या मुलाला तो घरात सांभाळत होता त्याच्या खून झालेल्या आजीचं नाव. हे त्याने का केलं असावं, याचा मी पुष्कळ विचार केला. निर्दयपणा म्हणावा, तर मुलावर त्याची माया होती. माझी अशी समजूत आहे की, मार्था रे हे नाव लोकांनी वीस वर्षं चघळलं होतं आणि गीताचा खरा विषयही तोच आहे. जर्मन कवी बर्गरच्या अशाच कथागीतात खून निश्चित होतो आणि आईला शिक्षाही होते. वर्डस्वर्थने मात्र खुनाऐवजी गावाची कुजबुज लिहिली.

'लिरिकल बॅलड्स' १७९८ मध्ये निनावी प्रसिद्ध झालं आणि पहिला फटका घरचाच बसला. कोलरिजचा साडू रॉबर्ट साउदी याने लिहिलं की बडबड्या माणसाचं सोंग घेणारा लेखक स्वतःच कंटाळवाणा होतो. वर्डस्वर्थने १८०० च्या आवृत्तीत टीप जोडून सांगितलं की बोलणारा मी नव्हे, तो एक निवृत्त, रिकामटेकडा, भोळसट कप्तान आहे. उपयोग झाला नाही. १८०८ साली जेफ्रीने या गीताची टर उडवली, आणि १८१७ मध्ये खुद्द कोलरिजनेही साउदीसारखाच आक्षेप घेतला. डबक्याची लांबी-रुंदी फुटांत देणाऱ्या ओळी तर कुप्रसिद्धच झाल्या. क्रॅब रॉबिन्सन या स्नेह्याने १८१५ मध्ये त्याला सांगितलं की त्या ओळी चारचौघांत वाचायची माझी छाती होत नाही. कवीचं म्हणणं, त्या आवडायलाच हव्यात. पण १८२० मध्ये त्याने त्या बदलल्या.

मला ते माप पटतं. संशय घेणारी माणसं अशीच मोजमाप करतात. वसतिगृहात ही कविता वाचली तेव्हा खोलीत तीन मतं पडली. एकीच्या मते बाई गुन्हेगार, दुसरीच्या मते कप्तान खोटारडा, तिसरी म्हणाली मूल कधी नव्हतंच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, म्हणून सुट्टीत आजीला ही गोष्ट मराठीतून सांगितली. आजीने खुनाबद्दल काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, त्या स्टीफनचं पुढे काय झालं, आणि वीस वर्षं त्या बाईला भाकरी कोण देत होतं? कप्तानाने हे दोन्ही प्रश्न कुणाला विचारलेले नाहीत. वादळात आडोसा शोधताना तो तिच्यासमोर येतो, तिचा चेहरा पाहतो आणि पाठ फिरवतो.

पुढचं आयुष्य सर्वांना माहीत आहे. १८०२ मध्ये मेरी हचिन्सनशी लग्न, १८०५ मध्ये भाऊ जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजासह बुडाला, १८१२ मध्ये दोन मुलं दगावली, १८१३ मध्ये सरकारी नोकरी, १८४३ मध्ये राजकवीपद. आपल्या केशवसुतांपर्यंत त्याच्या कवितेचा प्रभाव पोचला. लग्नापूर्वी काही आठवडे तो डोरोथीसह कॅले बंदरात जाऊन अ‍ॅनेटला भेटला आणि नऊ वर्षांच्या कॅरोलीनबरोबर समुद्रकाठी फिरला. १८१६ मध्ये तिचं लग्न झालं, तेव्हापासून तो तिला दरसाल ३० पौंड पाठवीत असे. २३ एप्रिल १८५० रोजी तो वारला, तेव्हा घरच्यांना व जवळच्या स्नेह्यांना हे ठाऊक होतं. वाचकांना मात्र विसावं शतक उजाडल्यावर, अभ्यासकांनी कागदपत्रं धुंडाळल्यावरच कळलं.