मक्याच्या शेतातली बार्बरा

परवा माहेरी, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला गेले होते. पिकलेल्या केळ्यांवर चिलटं जमली होती. वहिनी त्यांना हाकलत होत्या आणि भाची बघत बसली होती. तिची बी.एस्सी. झालीय, पुढे शिकायचंय. वहिनींचं मात्र स्थळं बघणं चालू आहे. जास्त शिकली तर नवरा मिळायचा नाही, ही धास्ती. मला बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक आठवली.

मैत्रिणींनो, बार्बरा १९०२ साली अमेरिकेत जन्मली. तिच्या आईलाही अगदी हीच धास्ती होती! वडिलांनी बाजू घेतली म्हणून १९१९मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठात गेली आणि १९२७मध्ये पीएच.डी. झाली. लग्न केलं नाही. मक्याचं शेत आणि मायक्रोस्कोप, हाच तिचा संसार.

आपल्या पेशींत गुणसूत्रं असतात. १९३८मध्ये हर्मन मुलर यांनी फळमाशीच्या, म्हणजे या चिलटांच्याच, गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ नाव दिलं. त्याच सुमारास बार्बराला मक्यात दिसलं, की तुटकी टोकं एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा तुटतात. मूळ टोकं मात्र चिकटत नाहीत. साडीला पिको केला की काठ उसवत नाही ना, तसंच!

पुढे कणसातल्या ठिपकेदार दाण्यांवरून तिने ओळखलं, की काही जनुकं चक्क उड्या मारून जागा बदलतात. १९५१मध्ये तिने हे मांडलं, पण फारसं कुणाला पटलं नाही. तिने त्यावर लिहिणं जवळजवळ थांबवलं. काम नाही थांबवलं. १९८३मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, तिला एकटीला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९२मध्ये ती गेली.

गंमत पुढेच आहे. गुणसूत्रांची टोकं हळूहळू झिजतात. बहुतेक सजीवांत टेलोमरेज नावाचं एन्झाइम ही झीज भरून काढतं. फळमाशीत ते नाहीच! तिथे उड्या मारणारी जनुकंच टोकावर येऊन बसतात आणि झीज भरतात. तुतीवरच्या रेशीमकिड्याच्या टोकांतही अशी जनुकं सापडलीत. बार्बराचे दोन्ही शोध असे त्या एवढ्याशा चिलटात एकत्र आले.

जेवताना मी हे सगळं सांगितलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. दादाही गप्पच होता. रात्री बघते तर कपाट उघडून तो लेकीची टी.सी. आणि मार्कशीट शोधत होता.