इंदूरचे पाचशे रुपये आणि डॉक्टर रखमाबाई

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस मुंबईत एका तरुणीला वैद्यकशिक्षणासाठी लंडनला पाठवण्याकरिता निधी जमत होता. तिच्यापाशी कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. तिचे नाव घरोघरी पोहोचले होते ते एका खटल्यामुळे, आणि बहुतेक घरांत ते रागानेच उच्चारले जात होते. या निधीत इंदूरचे महाराज शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये घातले. रूढीविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य दाखविल्याबद्दल ही देणगी होती. १८८६ मध्ये गादीवर आलेले हे महाराज इतिहासात लहरी स्वभावासाठीच अधिक ओळखले जातात. त्यांच्या नावावरचे हे एक दान मात्र सहसा आठवले जात नाही. ती तरुणी म्हणजे रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाई अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला, आणि रखमाबाईंच्या आयुष्याला वळण लागले ते येथेच.

आपल्या मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड १८५१ साली ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडले, त्याच कॉलेजाचे सखाराम अर्जुन हे पुढच्या पिढीतील विद्यार्थी. पुढे त्यांनी तेथेच वनस्पतिशास्त्र शिकवले, देशी औषधींची सूची तयार केली, आणि १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. शिकलेले आपल्यापाशीच न ठेवता पुढच्यांच्या हाती देण्याची त्या कॉलेजातील या पिढीची वृत्ती होती. घरातली सावत्र मुलगी या वृत्तीच्या कक्षेबाहेर राहिली नाही.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लावून देण्यात आले. लग्न रूढीप्रमाणे झाले. पुढचा विधी मात्र झाला नाही. रखमाबाई वयात आल्यावर गर्भाधानाचा प्रश्न निघाला, तेव्हा सखाराम अर्जुनांनी इतक्या लहान वयात संसार सुरू करण्यास नकार दिला. त्या नकारात सुधारकाचा विचार होताच, पण कोवळ्या शरीराचे काय होते हे जाणणारा डॉक्टरही होता. रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा नव्हती; मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या वाचत राहिल्या.

१८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंच्या नावे असलेल्या मालमत्तेची छाया या दाव्यावर होती, असे तेव्हाही बोलले जात होते. एप्रिल १८८५ मध्ये खटला चालू असतानाच सखाराम अर्जुन निवर्तले. त्यानंतर वीस वर्षांच्या या मुलीने टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली आणि बालविवाहाने स्त्रीचे शिक्षण कसे खुंटते ते मांडले. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुण्याच्या केसरीने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. विलायतेतील वृत्तपत्रांपर्यंत प्रकरण गेले. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि दादाजींनी हक्क सोडला.

इंदूरच्या पाचशे रुपयांचे मोल या आकड्याशेजारी ठेवून पाहावे. मोकळे होण्यासाठी जेवढे मोजावे लागले, त्याच्या चौथा हिस्सा एका संस्थानिकाने तिच्या शिक्षणासाठी दिला.

निधीमागचा मुख्य हात मात्र कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांचा होता. रखमाबाईंना डॉक्टर होण्याचा धीर त्यांनीच दिला, आणि पैसेही जमवले. त्यांचा स्वतःचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे हा जिव्हाळा कोठून आला ते कळते. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या सात स्त्रियांपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या पहिल्यांदाच बसलेल्यांत अव्वल आल्या, तरी शिष्यवृत्ती त्यांच्या खालच्या पुरुष विद्यार्थ्यांना मिळाली. परीक्षेला जाताना त्या साऱ्याजणींवर चिखल फेकला गेला. पुढे त्या न्यायालयात हरल्या आणि विद्यापीठाने पदवी नाकारली. शेवटी बर्नला जाऊन १८७७ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. लंडनमध्ये स्त्रियांसाठी निघालेल्या वैद्यकविद्यालयाच्या कारभारात त्यांचा सहभाग होता, आणि १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. न्यायालयात हरलेल्या एका डॉक्टरणीने न्यायालयात हरलेल्या एका मुलीला आपल्याच विद्यालयाकडे धाडले, असे हे नाते आहे.

आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघटना शिष्यवृत्त्या ठेवतात, वसतिगृहांना मदत करतात. तेव्हा संघटनेचा कागद नव्हता, पण रीत होती. सखाराम अर्जुनांनी घरात दार उघडले, पीचींनी देशाबाहेरचे. आधीच्या पिढीतील डॉक्टर पाठीशी उभा राहिला नसता, तर नुसत्या देणग्यांनी रखमाबाई लंडनच्या वर्गात पोहोचल्या असत्या का, याविषयी मला शंका आहे.

१८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या. स्त्रीमताधिकाराच्या चळवळीतील ईव्हा आणि वॉल्टर मॅकलॅरेन या दांपत्याने त्यांना आधार दिला. विद्यालयाच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, म्हणजे इंग्लंडमध्ये पात्रता मिळवणाऱ्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक. रॉयल फ्री रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकून १८९४ मध्ये रखमाबाई पात्र झाल्या आणि पुढच्या वर्षी मायदेशी परतल्या. आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवी घेऊन आल्या, पण काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. हाती आलेली विद्या त्यांना रुग्णांपर्यंत नेता आली नाही. रखमाबाईंना मात्र सुमारे पस्तीस वर्षे मिळाली.

त्यांतील पहिली बावीसेक वर्षे त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात काढली. तेथील मुख्य डॉक्टर म्हणून पडद्यातल्या स्त्रियांना पुरुष डॉक्टराकडे जाण्याऐवजी त्यांच्याकडे येता येऊ लागले. महिला वैद्यकीय सेवेतील पद त्यांनी १९१८ साली नाकारले आणि राजकोटच्या संस्थानी स्त्री-रुग्णालयाचे काम स्वीकारले. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचा पोषाख स्वीकारला. ज्या लग्नाविरुद्ध त्या तुरुंगात जायला तयार होत्या, त्याच लग्नाचे वैधव्य त्यांनी का धारण केले, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांना आजही अडवतो. माणूस एका तर्काने चालत नाही, एवढेच मी म्हणेन.

इंदुरात १८७८ पासून वैद्यकशाळा होती. १९४८ साली तेथे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. रखमाबाई तोवर निवृत्त होऊन मुंबईत स्थिरावल्या होत्या. पडदापद्धतीच्या विरोधात त्यांनी पुस्तिका लिहिली होती. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत देह ठेवला.