शाळा गावाच्या हाती देणारे मंत्री : रँग्लर परांजपे

सोलापूर : या शहराला राजकीय इतिहास सांगताना हमखास १९३० चे साल आठवते. नगरपालिकेवर फडकलेला तिरंगा, मे महिन्यातील गोळीबार, त्यानंतरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चार हुतात्मे. त्यांचे पुतळे शहराच्या भर चौकात उभे आहेत. ज्या दिवसांत सोलापूरच्या रस्त्यांवर लष्कराची गस्त फिरत होती, त्याच दिवसांत एक अस्सल कोकणी, पुण्यात नावारूपाला आलेला मराठी माणूस लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर, म्हणजे इंडिया कौन्सिलवर बसून काम करीत होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना रँग्लर परांजपे म्हणून ओळखतो आणि बहुतेकदा तेवढेच ओळखतो. वसाहतकाळातील मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी जे केले, त्याचे फळ सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील शाळांनीही चाखले. त्याची आठवण मात्र कोणत्याच चौकात नाही.

परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, दापोली तालुक्यातील मुर्डी या गावचा. घरची परिस्थिती बेताची. मुरूडचे धोंडो केशव कर्वे हे नात्यातले. पुढे महर्षी म्हणून गाजलेले कर्वे त्या वेळी मुंबईत स्वतःच धडपडत शिकत आणि शिकवत होते. तरीही त्यांनी या हुशार मुलाला आपल्याकडे आणून त्याच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. या उपकाराची जाण परांजपे यांनी जन्मभर ठेवली. १९१६ मध्ये कर्वे यांनी महिला विद्यापीठाचे धाडस केले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू होण्यास परांजपे पुढे आले. लोक हसत असलेल्या एका प्रयोगाला आपले वजन देण्याचे हे काम होते.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर सरकारी शिष्यवृत्तीवर ते १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांतील पहिल्याला सीनियर रँग्लर. निकालाची वर्तमानपत्रे आतुरतेने वाट पाहत, इतका त्या नावाचा दबदबा होता. १८९९ च्या निकालात परांजपे यांचे नाव एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने अगदी वर होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. वय अवघे तेवीस. साहेबांच्या घरात जाऊन साहेबांच्याच परीक्षेत साहेबांना गाठणाऱ्या या तरुणाचे कौतुक हिंदुस्थानभर झाले. त्या कौतुकात गणिताचा भाग थोडा आणि दुखावलेल्या स्वाभिमानावर घातलेल्या फुंकरीचा भाग मोठा होता, हे आज सहज ध्यानात येते.

आयसीएस होऊन कलेक्टरच्या बंगल्यात जाणे त्यांना अवघड नव्हते. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचे वीस वर्षांच्या सेवेचे व्रत त्यांनी स्वीकारले होते आणि त्यातील दरमहा पगार पंचाहत्तर रुपयांच्या आसपासचा होता. ते परत आले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले आणि १९०२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, प्राचार्य झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले कॉलेजातून निवृत्त झाले. गोखले हेच परांजपे यांचे राजकारणातील गुरू. सनदशीर मार्ग, अभ्यास, आकडेवारी, विधिमंडळातील युक्तिवाद आणि सरकारशी बोलत राहण्याची तयारी ही गोखल्यांची शिदोरी त्यांनी शेवटपर्यंत बांधून ठेवली.

या शिदोरीची किंमत लवकरच मोजावी लागली. १९०५ मध्ये वंगभंगाच्या संतापात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणारा विद्यार्थी फर्ग्युसनचाच होता, विनायक दामोदर सावरकर. प्राचार्य परांजपे यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. टिळकांच्या 'केसरी'ने प्राचार्यांवर कडक टीका केली. सहा वर्षांपूर्वी ज्याच्या नावाने ऊर भरून येत होता, तोच माणूस आता देशभक्त विद्यार्थ्याला शिक्षा करणारा सरकारधार्जिणा ठरला. कॉलेजला सरकारी अनुदानाची गरज होती आणि विद्यार्थ्यांनी शिक्षण पुरे करावे ही प्राचार्यांची धारणा होती, हे मान्य केले तरी त्या शिक्षेत लोकांच्या भावनेचा अंदाज सपशेल चुकला होता. पुढील आयुष्यात हा अंदाज अनेकदा चुकत गेला.

त्यांच्या मतांमुळेही अंतर वाढले. परांजपे उघड नास्तिक होते. कर्मकांड, सोवळेओवळे, जातिभेद यांबद्दल ते आडपडदा ठेवत नसत. सभेतील टाळी मिळवण्यासाठी देवाधर्माचे एखादे वाक्य पेरणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

मुंबई विधिमंडळात ते १९१३ पासून वावरत होते. खरी कसोटी लागली ती माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर. त्या सुधारणांनी प्रांतांमध्ये द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, आरोग्य अशी खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. खजिना मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील सभासदाच्या हाती राहिला. म्हणजे शाळा काढण्याचा अधिकार एकाकडे आणि त्यासाठी पैसे देण्याचा अधिकार दुसऱ्याकडे. असहकाराच्या लाटेत काँग्रेसने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. मवाळ, ज्यांना आता लिबरल म्हणू लागले होते, ते आत गेले. १९२१ मध्ये परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले.

या तीन वर्षांतील काम हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले होते आणि ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. खेडी मात्र त्याबाहेर राहिली. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरूही केले होते. ब्रिटिश मुलूख मागे होता. १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा परांजपे यांच्या मंत्रिपदाच्या काळात मंजूर झाला आणि खेड्यांतही सक्तीचे दार त्याने उघडले. प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी शिक्षण खात्याकडून जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि मोठ्या नगरपालिकांकडे गेला. त्यांनी स्कूल बोर्डे नेमायची, सक्तीच्या योजना आखायच्या आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा, अशी ही मांडणी. सोलापूर जिल्ह्याचे लोकल बोर्डही तिच्यात आले. शाळा कोठे असावी, मास्तर कोणाला नेमावे, हे प्रश्न आता स्थानिक सभासदांच्या बैठकीत येऊ लागले.

कायद्याचे कौतुक करताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. महायुद्धानंतर प्रांताच्या तिजोरीत खडखडाट होता. सक्तीच्या योजना पैशाअभावी रखडल्या. शिवाय शाळा स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती गेल्यावर मास्तरांच्या बदल्या आणि नेमणुका यांत गटबाजी शिरली, अशी तक्रार पुढे सर्वत्र ऐकू येऊ लागली. ती तक्रार आजच्या वाचकालाही अनोळखी वाटणार नाही. गावाला अधिकार दिले की गाव शहाणे होते, हा परांजपे यांचा विश्वास गणिती होता. गावकी आणि भावकी त्या समीकरणात धरलेली नव्हती.

त्याच १९२३ सालातील दुसरे पाऊल आकाराने लहान, परिणामाने मोठे होते. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांचे अनुदान बंद करण्याचा ठराव मुंबई सरकारने काढला. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठरावही त्याच वर्षी ४ ऑगस्टला विधिमंडळाने मंजूर केला. चार वर्षांनी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तो याच ठरावाने दिलेला हक्क बजावण्यासाठी. विधिमंडळात मंजूर झालेला कागद आणि तळ्याकाठी उतरलेला समाज, या दोहोंची गाठ तेथे पडली. परांजपे यांच्यासारख्यांचे राजकारण पहिल्या टप्प्यावर थांबत असे. दुसऱ्या टप्प्यासाठी वेगळ्या धातूची माणसे लागत.

१९२३ च्या अखेरीस निवडणुका झाल्या. स्वराज्य पक्ष या वेळी मैदानात उतरला आणि लिबरलांची सर्वत्र दाणादाण उडाली. लिबरल पक्ष म्हणजे नामवंतांचा मेळा. त्याला ना शाखा, ना कार्यकर्ते. तरी परांजपे सरकारचे होयबा नव्हते, हे पुढच्याच वर्षी दिसले. सुधारणांचा आढावा घेणाऱ्या मुडीमन समितीवर ते होते. बहुसंख्य सभासदांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या. तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर, महंमद अली जीना आणि परांजपे या चौघांनी मात्र वेगळा अहवाल दिला आणि द्विदल पद्धतीवर ठपका ठेवून कायमस्वरूपी राज्यघटनेचा आग्रह धरला. ज्याने ती पद्धत आतून राबवून पाहिली होती, त्याचाच हा निष्कर्ष असल्याने त्याला वजन होते. सरकारने तो बाजूला ठेवला.

१९२७ मध्ये पुन्हा थोडा काळ मंत्रिपद आणि लगेच लंडनच्या इंडिया कौन्सिलवर नेमणूक. तेथे ते १९३२ पर्यंत होते. मिठाचा सत्याग्रह, सोलापूरचा मार्शल लॉ, गोलमेज परिषदा हे सारे या पाच वर्षांत घडले. देश रस्त्यावर उतरला असताना ते सल्लागाराच्या खुर्चीवर होते. परतल्यावर लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी १९३८ पर्यंत सांभाळले. १९४२ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. ते 'चले जाव'चे वर्ष होते, आणि महाराष्ट्रात या किताबाचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करता येते.

१९४४ च्या अखेरीस, अडुसष्टाव्या वर्षी, ते ऑस्ट्रेलियात भारताचे पहिले हायकमिशनर म्हणून कॅनबेराला गेले. ही नेमणूक मोठी विलक्षण होती. त्या देशाने १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद केले होते. नको असलेल्या माणसाला बंदरावर एखाद्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालायचे आणि नापास करायचे, अशी त्याची रीत होती. भाषा कोणती हे अधिकारी ठरवी. तेथे आधीपासून स्थायिक असलेल्या हिंदी लोकांना मतदानाचा हक्क १९२५ मध्ये मिळाला. त्यासाठी लिबरल पक्षाचेच श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये तेथे जाऊन शब्द टाकून आले होते. केंब्रिजची सर्वांत कठीण परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला माणूस अशा देशात भारताचा प्रतिनिधी होता. त्याच्या सामान्य देशबांधवाला मात्र तेथे घर करण्याची मुभा नव्हती. श्रुतलेखनाची ती परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली. परांजपे १९४७ पर्यंत तेथे होते. वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून गेलेला माणूस देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी परतला.

कॅनबेराच्या घरात त्यांच्याबरोबर कन्या शकुंतला आणि लहानगी नात सई होती. शकुंतला परांजपे यांनीही केंब्रिजमध्ये गणिताचा अभ्यास केला होता. संततिनियमनाच्या प्रचारात त्यांनी महर्षी कर्वे यांचे पुत्र र. धों. कर्वे यांच्या बरोबरीने काम केले आणि १९६४ मध्ये त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्य झाल्या. 'स्पर्श' आणि 'चश्मेबद्दूर'च्या दिग्दर्शिका सई परांजपे याच घरात वाढल्या.

स्वतंत्र भारतात रँग्लरांना राजकारणात जागा नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाही. पुण्यात वाचन, लेखन, भेटीगाठी यांत दिवस गेले. १९६१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी क्रिकेटच्या भाषेत 'एटी-फोर, नॉट आऊट' असे नाव दिले. ६ मे १९६६ रोजी, नव्वदाव्या वर्षानंतर, त्यांचा डाव संपला. त्यांच्या कायद्याची जागा १९४७ मध्येच नव्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने घेतली होती. सोलापूरच्या जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र पालिकेच्या शाळेचे नाव त्यानंतरही कितीतरी वर्षे 'बोर्डाची शाळा' असेच राहिले.