ऑईल, फिल्टर आणि शेठ वालचंद

आमच्या मामाचं कंधारला गॅरेज आहे. सुट्टीत गावी गेलो की माझा मुक्काम तिथंच! काळी-पिवळी जीप, लग्नसराईतल्या भाड्याच्या गाड्या, एखादी जुनी फियाट... गिऱ्हाइकाचे दोन प्रश्न ठरलेले. ऑईल कोणतं टाकू? आणि फिल्टर लोकल चालेल का? सीट कव्हर अन् म्युझिक सिस्टीमवर खिसा मोकळा करणारा माणूस फिल्टरच्या शे-दीडशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो.

मामाचं उत्तर एकच असतं, गाडीच्या कंपनीचं पुस्तक बघा. त्यात दोन गोष्टी दिलेल्या असतात, ग्रेड आणि दर्जा. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते सांगतो. दर्जा कळतो एपीआयच्या अक्षरांवरून. पेट्रोलसाठी एसने सुरू होणारी अक्षरं, डिझेलसाठी सीने. हॉस्टेलच्या बाईकवाल्यांनी मात्र डब्यावर जासो एमए बघून घ्यावं, कारण बहुतेक बाईकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑईल टाकलं तर तो घसरू शकतो.

फिल्टरचं गणित जरा फसवं आहे. तो चोंदला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑईल सरळ बेअरिंगकडे जातं. गाडी बंद पडत नाही, म्हणून मालक खुशीत! आत झीज चालूच असते. एअर फिल्टरचंही तेच. आपल्याकडच्या फुफाट्यात त्याकडे दुर्लक्ष म्हणजे इंजिनाला धूळ चारणं.

आज हे सगळं कंधारसारख्या तालुक्याच्या गावी मिळतं. पण एक काळ असा होता की मोटारीचे मुख्य भाग बोटीने यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या सरकारने १९३२ साली बससेवा सुरू केली, त्या बससुद्धा स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. मोटार इथेच बनली पाहिजे, या हट्टाने ज्या माणसाने उभ्या सरकारशी पंगा घेतला, तो आपल्या शेजारच्या सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद!

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरी व्यापार आणि सावकारी. वालचंद कॉलेजात गेले खरे, पण पदवी काही घेतली नाही. (डिस्टिंक्शनवाल्यांनी नोंद घ्यावी!) घरच्या पेढीत त्यांचं मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून ते रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यात उतरले. पुढे बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाईपलाईन अशी मोठी कामं त्यांनी केली.

पहिलं महायुद्ध संपलं आणि त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांची एक बोट घ्यायचं ठरवलं. त्यातून सिंदिया कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. म्हणून आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. इंग्रज कंपन्यांनी भाडं पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण ते टिकले.

१९३९ साली ते अमेरिकेला गेले, मोटार कारखान्यासाठी. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी करार झाला. मुंबई प्रांतातलं काँग्रेस सरकार मदतीला तयार होतं, पण युद्ध सुरू झालं आणि त्या सरकारने राजीनामा दिला. दिल्लीच्या इंग्रज सरकारने सांगितलं, मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, सवलत मिळणार नाही. गंमत बघा, युद्धात ट्रक हवेच होते, पण ते इथे बनायला नको होते!

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. याच प्रवासात त्यांची विमानाच्या धंद्यातल्या विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. तीच आजची एचएएल. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू झाला. विमानाचा कारखाना सरकारने १९४२ मध्ये ताब्यात घेतला. मोटार मात्र त्यांनी सोडली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

सुरुवातीला त्याही जोडलेल्याच होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण जोडणं आणि बनवणं यातला फरक शेठजींना पक्का ठाऊक होता. गाडी चालते म्हणजे सगळं ठीक, असं त्यांनी मानलं नाही. गाडी इथे बनायची तर हळूहळू पिस्टन, गॅस्केट, बेअरिंग, फिल्टर बनवणारेही इथे तयार व्हावे लागतात.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला वारले. त्याच वर्षी भारत सरकारने ठरवलं की ज्यांना इथे गाडी बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी दुकान बंद करावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. ज्यासाठी शेठजी चौदा वर्षं झगडले ते सरकारी धोरण झालं, पण फळ बघायला ते नव्हते.

त्यांच्याच कंपनीची फियाट पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गाडी गेली, पण सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज आजही वालचंदांचं नाव सांगतं.

आपण कॅम्पस इंटरव्ह्यूत पॅकेज विचारतो, त्यात चूक काही नाही. पण एखादा प्रश्न असाही विचारावा की ही कंपनी इथे काय बनवते आणि काय नुसतं जोडते? आणि हो, बाईकचं ऑईल बदलताना फिल्टरही बदला. रिकामा डबा फेकण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर त्यातूनच उद्या डुप्लिकेट ऑईल तुमच्याकडे परत येईल!